पाय पुसून आत या

आज मी जो काही आहे तो कुणामुळे, हे सांगायला मला या प्रकरणाच्या शेवटापर्यंत थांबवत नाही. इंदूकाकूंमुळे. आईबापांनी राबून शिकवलं, गुरुजींनी अक्षर दिलं, त्यांचं ऋण आहेच. पण पुण्याच्या धायरीत एका तळमजल्यावर राहणाऱ्या, माझ्या नात्यागोत्यात कुठेही न बसणाऱ्या या बाईंनी मला जे दिलं ते दुसऱ्या कुणाला देता आलं नसतं. सुरुवात मात्र फार प्रेमळ नव्हती. मी पहिल्यांदा त्यांच्या दारात उभा राहिलो तेव्हा त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, माझ्या चपलांपाशी नजर थांबवली आणि म्हणाल्या, "आलात? पाय पुसून आत या."

मी वऱ्हाडातल्या एका लहान गावातून आलेलो. बाबा जिनिंगच्या कारखान्यात कापसाच्या गाठी उचलायचे. आमच्या घरात कॉलेजचा दाखला हातात घेणारा मी पहिलाच, त्यामुळे तो दाखला आईने देवाच्या तसबिरीमागे ठेवला होता आणि मला पुण्याला न्यायचा होता तेव्हा हळदकुंकू वाहून काढून दिला. मराठी घेऊन बी.ए. झालो होतो. शाळेत कुणी ‘मले’ म्हटलं की गुरुजी टेबलावर छडी आपटायचे आणि सगळ्या वर्गाकडून ‘मला, मला, मला’ असं म्हणून घ्यायचे. त्यांच्यावर माझा राग नाही. पोरांनी बाहेर जाऊन कुठे अडू नये, एवढंच त्यांच्या मनात होतं. पण त्याचा परिणाम असा झाला की घरात मी एका आवाजात बोलायचो आणि उंबऱ्याबाहेर दुसऱ्या. पुण्यात आल्यावर उंबऱ्याच्या आतलं घर उरलंच नाही. वारजेला आमच्याकडच्याच तीन पोरांबरोबर खोली घेतली होती, ते कारखान्याच्या पाळ्यांवर, म्हणजे एकमेकांशी बोलायला सापडायचे ते झोपलेले. एकदा किराणा दुकानात थकून भागून तोंडातून निघून गेलं, "साखर द्या ना मले." दुकानदार काही वाईट माणूस नव्हता. त्याने फक्त हसून विचारलं, "कुठले आपण?" मागे उभ्या असलेल्या दोन मुली खुदकन हसल्या. तेव्हापासून मी वर्तमानपत्राच्या अग्रलेखासारखा बोलू लागलो.

काकूंचं घर म्हणजे एक स्टुडिओ होता. परदेशी सिनेमे मराठीत करून टीव्हीवर दाखवतात, त्यांचे आवाज तिथे भरले जायचे. काकू जन्माने शनिवार पेठेतल्या, उभं आयुष्य नाटकात गेलेलं. त्यांचे यजमान, ज्यांना सगळेच अण्णा म्हणायचे, नाटकांचं ध्वनिसंयोजन करत आलेले. निवृत्तीनंतर दोघांनी आतली झोपायची खोली मोकळी केली, भिंतींना जुन्या गोधड्या ठोकल्या, खिडकी विटांनी बुजवली आणि मध्ये एक माइक उभा केला. बाहेरच्या खोलीत अण्णांचा संगणक आणि बटणांचं टेबल. दोन्ही खोल्यांच्या मध्ये काचेची चौकट. बाकी सगळं घर घरासारखंच. दिवाणावर वाळलेले कपडे, कोपऱ्यात देव, स्वयंपाकघरातून ओट्यावर निथळणाऱ्या भांड्यांचा आवाज. माझ्या प्राध्यापकांची अण्णांशी जुनी ओळख होती, म्हणून मला एका सिनेमाचे संवाद मराठीत लिहायला बोलावलं होतं. काकूंनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "हा एक सिनेमा तुमचा. चॅनेलला पहिलं रीळ आवडलं तर पुढची कामंही तुमची. नाही आवडलं तर तुम्ही तुमच्या घरी, आम्ही आमच्या. आम्ही घरीच आहोत म्हणा."

माझं घर कुठे वाट पाहत होतं ते मला ठाऊक होतं. बाबांचा आठवड्याला फोन यायचा. "सेठजीनं काट्यावर जागा ठेवली हाय तुह्यासाठी. लेखी काम हाय, सावलीतलं. दिवायीपर्यंत वाट पाहतो म्हने." सेठजी जिनिंगचे मालक, आणि काट्यावर म्हणजे कापसाच्या गाड्यांचं वजन करतात तिथे. बाबांच्या दृष्टीने गाठी उचलणाऱ्याच्या पोराने कापसाचं वजन लिहिणं ही केवढी चढण होती. ते मला आज अधिक कळतं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की हा सिनेमा गेला तर मी गेलो.

त्या घरात दिवस कुकरभोवती फिरायचा. माइक चालू असताना कुकर लावायचा नाही, नळ सोडायचा नाही, फोडणी तर नाहीच. म्हणून सकाळी दहापासून रेकॉर्डिंग आणि साडेबारा वाजले की काकू आतून म्हणायच्या, "अण्णा, थांबा. भात." मग सगळे नट, अण्णा आणि मी बाहेरच्या खोलीत बसून तीन शिट्ट्या व्हायची वाट पाहायचो. वरच्या मजल्यावरच्या बाईंनाही हे माहीत होतं. त्या चटणी वाटायचा मिक्सर आमच्या कुकरच्या पहिल्या शिट्टीला लावायच्या, तिसरीला बंद करायच्या. कामाचा क्रमही पोटावर ठरलेला. मारामारी जेवणाच्या आधी, प्रेमाचे प्रसंग जेवणानंतर. "भरल्या पोटी माणूस ठोसा मारत नाही, ढेकर देतो," असं अण्णा म्हणायचे. जेवणात वरण, भात, लिंबाची फोड, एखादी भाजी आणि ताक. पहिल्या दिवशी मी पिशवी उचलून निघालो तर काकू म्हणाल्या, "कुठे निघालात? पान वाढलंय." मी म्हणालो, "नको, आपल्याला उगाच त्रास." त्या म्हणाल्या, "त्रास झालेला आहे. आता जेवा." त्यानंतर त्या घरात मी किती वर्षं जेवलो, पण ‘या, जेवायला बसा’ असं आमंत्रण मला एकदाही मिळालं नाही. पान मात्र रोज असायचं.

आता सिनेमाविषयी. गोष्ट व्हिडिओ गेमच्या आत घडायची. एक लिफ्ट दुरुस्त करणारा जाडजूड, भित्रा, तोंडाळ माणूस एका इमारतीत जातो, चुकीचं बटण दाबतो आणि लिफ्टचं दार उघडतं ते गेममधल्या एका किल्ल्यासमोर. किल्ल्याच्या टोकावर घंटा आहे. ती वाजवली तरच घरी जाता येतं. वाटेत भालेवाले, झुलते पूल, आग ओकणारे बेडूक. त्याच्या हातात फक्त पाना, आणि सोबतीला एक चिडकं बदक. तो सारखा मरतो. मेला की आभाळातून धपकन चिखलात पडतो, ते पुन्हा किल्ल्याच्या पहिल्या दाराशी. त्या दारावर चिलखत घातलेली एक म्हातारी द्वारपालीण आहे आणि गेममधलं पात्र असल्यामुळे ती दर वेळी तेच एक वाक्य बोलते. सिनेमाभर तो पडतो, ती बोलते. मी आयुष्यात गेम खेळलेलो नव्हतो. खोलीतल्या एका पोराच्या मोबाइलवर त्याच्या पाळीच्या आधी तासभर खेळून पाहिला, पुलावरून सारखा पडलो आणि या लिफ्टवाल्याविषयी मला मनापासून सहानुभूती वाटायला लागली.

तरीही मी लिहिलं ते माझ्या बाहेरच्या आवाजात. काकूंनी कागद हातात घेतले, चष्मा चढवला आणि मोठ्याने वाचायला लागल्या. "‘हे दुष्टांनो, माझ्या मार्गातून दूर व्हा, अन्यथा परिणाम भयंकर होतील.’" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "अहो, हा लिफ्ट दुरुस्त करतो ना? तुमच्या गावी लिफ्टवाले असे बोलतात?"

"आमच्या गावी लिफ्ट नाही," मी प्रामाणिकपणे सांगितलं.

अण्णा टेबलाखाली काहीतरी शोधायला वाकले ते बराच वेळ वर आले नाहीत. काकूंनी पुढे वाचलं. द्वारपालिणीच्या तोंडी मी ‘सुस्वागतम्, हे शूरवीरा!’ असं घातलं होतं. "हे सभागृहाच्या दारावर लावायला बरं आहे," त्या म्हणाल्या. "घरी घेऊन जा. माणसं ऐका आणि मग लिहा. मुख्य म्हणजे ही म्हातारी नीट करा. ती दर पाच मिनिटांनी बोलणार आहे."

मी त्यांचं म्हणणं अक्षरशः पाळलं. ऐकायला मला त्या घराइतकं दुसरं काही नव्हतं. रोज येणाऱ्या प्रत्येक नटाला, गॅसवाल्याला, अण्णांच्या भाच्याला, दारात एकच वाक्य ऐकू यायचं. आभाळातून चिखलात पडलेल्या माणसाला दारावरची म्हातारी दुसरं काय म्हणणार? मी लिहिलं, ‘आलात? पाय पुसून आत या.’ त्यात विनोद करावा, काकूंना चिमटा काढावा असं माझ्या मनातही नव्हतं. पण दुसऱ्या दिवशी काकूंनी ती ओळ वाचली आणि चष्मा खाली ओढून माझ्याकडे पाहिलं.

"हे कुठे ऐकलंत?"

"इथेच."

अण्णा या वेळी टेबलाखाली गेले नाहीत. ते उघड हसले, इतके की त्यांना खोकला आला आणि काकूंनी त्यांच्या पाठीवर थापा मारल्या. मग त्या माझ्याकडे वळल्या. "बरं. मी दारावर उभी राहते. तो आवाज मीच देईन. पण मग तो चिखलात पडणाराही पुस्तकातला चालणार नाही. तुम्ही घरी कसे बोलता? आईशी?"

मी हातातले कागद सारखे करू लागलो. त्यांनी पडद्यावर तो प्रसंग लावला, जिथे लिफ्टवाला पहिल्यांदाच भालेवाल्यांना पाहतो, आणि म्हणाल्या, "हे आईला सांगताय असं सांगा." त्या माझी चेष्टा करताहेत का, हे त्यांच्या चेहऱ्यावर शोधून पाहिलं, सापडलं नाही. मी मान खाली घातली आणि बोललो, "अवो माय, लिफ्ट खराब झाली म्हून आलो होतो मी, अन् हे पोट्टे भाले घेऊन मांगं लागले ना! थांबा ना भौ, पाना तं काढू द्या!"

अण्णांनी पडदा तिथेच थांबवला. मग काकूंनी पेन काढून माझ्यासमोर ठेवलं. "सगळं असं लिहा."

मी लिहिलं. दोन दिवसांत संपलं, जणू कुणी सांगत होतं आणि मी उतरवत होतो. पण आवाज द्यायला नट मिळेना. चांगले, नावाजलेले नट आले. प्रत्येक जण माइकपुढे उभा राहिला की खांदे उडवून, घोगरा आवाज काढून ‘आरं देवा, काय रं’ असं सुरू करायचा, जे आमच्याकडे कुणीच म्हणत नाही. तो नाटकातल्या पाटलाचा गडी वाटायचा. चौथा नट गेल्यावर काकू म्हणाल्या, "नक्कल ऐकू येते. माणूस ऐकू येत नाही," आणि माझ्याकडे बोट केलं. "हेडफोन घाला."

असा मी त्या गोधड्यांच्या खोलीत उभा राहिलो. मारामारी करायची म्हणजे काय करतात तेव्हा कळलं. पाय न हलवता, कपड्यांची सळसळ न करता, फक्त तोंडाने पन्नास माणसांचा मार खायचा. सकाळच्या उपाशी पोटी मी हुंकार, किंकाळ्या, धापा देत होतो आणि काचेपलीकडे काकू शांतपणे म्हणायच्या, "हा गालावर बसलाय. तुम्ही पोटात खाल्लात. परत." पुलावरून पडतानाची किंकाळी मला काही केल्या जमेना. ‘आऽऽ’ असं केलं की चंबूगबाळं आवरून निघालेल्या माणसासारखं वाटायचं. चार-पाचदा झाल्यावर आपसूक तोंडातून गेलं, "माय वोऽऽ!" तेच ठेवलं. सिनेमाभर तो प्रत्येक वेळी तसाच पडतो.

पहिलं रीळ तयार झालं त्या सकाळी चॅनेलकडून सबनीस आले. तरुण, चुणचुणीत माणूस, मुंबईहून भल्या पहाटे निघालेला. दारात "आलात? पाय पुसून आत या," हे झालंच. त्यांना रीळ दाखवताना एखादं वाक्य बदलावं लागलं तर तयार असावं म्हणून काकूंनी मला आतच उभं केलं होतं. बाहेरचं बोलणं आत ऐकू यावं यासाठी एक बटण असतं, त्याला टॉकबॅक म्हणतात. ते दाबलं की बाहेरचा माणूस हेडफोनमध्ये बोलतो. अण्णांनी मला सूचना द्यायला ते दाबलं आणि सोडायचं राहून गेलं. त्यामुळे पुढचं सगळं मी माझ्या कानात ऐकलं आणि मी ऐकतोय हे काचेपलीकडे कुणालाच माहीत नव्हतं.

सबनीस हसत होते, हे आधी सांगायला हवं. ते दिलखुलास हसत होते. रीळ संपल्यावर म्हणाले, "काकू, सुपर आहे. धमाल. फक्त एक छोटं करेक्शन. ही जी लँग्वेज आहे ना हिरोची, ती त्या दारावरच्या म्हातारीला द्या. किंवा बदकाला. बदकाला तर बेस्ट. हिरो असा कसा बोलेल? लोकांना तो नोकर वाटेल."

मी काचेतून पाहत होतो. काकूंची पाठ माझ्याकडे होती.

"नोकर असा बोलतो, हे तुम्हाला कुणी सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"असं काही नाही हो, पण आपण बघतोच ना, नाटकात, सिनेमात..."

"आम्हीच सांगितलं. नाटकात तसे नोकर मीसुद्धा बसवलेत. टाळ्या घेतल्यात. त्यातला एकही मुलगा मी त्या गावचा आणला नव्हता." त्यांनी चष्मा काढून पदराला पुसला. "सबनीस, तुम्ही आत्ता हसलात. कुणाला हसलात ते आठवा. दारावरच्या म्हातारीला हसलात, आणि ती मी आहे, शनिवार पेठेतली. मला हसा. माझ्या पेठेला हसायची लोकांना सवय आहे, आमचं काही बिघडत नाही. तो पडतो तेव्हा तुम्ही हसला नाहीत. पुढे सरकून बसलात."

"रिस्क आहे काकू. मला वर उत्तर द्यायचंय."

"मग द्या. म्हणावं, म्हातारी ऐकत नाही. रीळ न्यायचं तर न्या, दुसरीकडे करून घ्या. मुलगा बदलणार नाही आणि त्याचं बोलणंही."

अण्णा मध्ये पडतील असं मला वाटलं. दोन महिने त्या घरात दुसरं काम नव्हतं. या सिनेमासाठी त्यांनी एक लांबलचक मालिका सोडली होती, हे मला जेवताना कधीतरी कळलं होतं. अण्णांनी नुसती टेबलावरची पेन्सिल सरळ ठेवली आणि म्हणाले, "साहेब, एकदा समोर करून दाखवू का? पडायचा प्रसंग. मग ठरवा."

हे सगळं कानात भरून घेऊन मला पडायचं होतं. ‘बदकाला तर बेस्ट’ हे शब्द अजून तिथेच होते. पडद्यावर लिफ्टवाला पुलाच्या मधोमध आला, दोर तुटला आणि माझ्या तोंडून आवाजच निघाला नाही. माणूस खाली पडून गेला, चिखलात धपकन आदळला आणि मी तसाच उभा. काचेपलीकडे सबनीसांनी घड्याळ पाहिलं. मग काकू अण्णांच्या टेबलावरच्या माइकजवळ वाकल्या. तोवर त्या मला कायम ‘अहो’ म्हणत आल्या होत्या, ‘तुम्ही’ म्हणत आल्या होत्या.

"गजानन, पाणी पी. घाई नाही. मग परत पड."

कोपऱ्यातल्या तांब्यातलं पाणी मी प्यायलो. परत पडलो. "माय वोऽऽ!" तो आवाज माझ्या छातीतून कुठून निघाला मला माहीत नाही, परत तसा कधी काढता आला नाही, आणि सिनेमात आहे तो तोच. तो विरतो न विरतो तोच काकूंचं आधी भरून ठेवलेलं वाक्य वाजलं, कोरडं, बिनचेहऱ्याचं, "आलात? पाय पुसून आत या." सबनीसांच्या तोंडून हसू फुटलं. त्यांना ते नको होतं, त्यांनी तोंडावर हात धरला, पण हसू बोटांमधून बाहेर येत राहिलं. ते म्हणाले, "एक फोन करून येतो." अंगणात पंधरा-वीस मिनिटं येरझारा घालत बोलले. साडेबारा होऊन गेले तरी काकू भाताचं नाव काढेनात. मग सबनीस परत आले, दारात थांबले, कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी पाय पुसले आणि म्हणाले, "ठीक आहे. असंच राहू दे. वर मी बघून घेतो."

काकू म्हणाल्या, "अण्णा, कुकर लावते. साहेबांचंही पान आहे."

त्या दुपारी भाताच्या शेजारी एका वाटीत हिरव्या मिरचीचा ठेचा होता. पुण्याच्या मानाने तो तिखट होता, माझ्या मानाने नव्हता. तो सकाळीच करून ठेवलेला असणार, म्हणजे निकाल लागायच्या आधी. आता हे लिहिताना ते लक्षात येतंय. तेव्हा मी नुसता खात राहिलो. सबनीसांच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि काकूंनी त्यांच्यापुढे ताक सरकवलं.

सिनेमा दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीवर लागला. मी तो पाहायला गावी गेलो होतो. घरच्यांना मी एवढंच सांगितलं होतं की यातली भाषा मी लिहिली आहे. आवाजाचं बोललो नव्हतो, कारण आमच्या बोलण्यावर टीव्हीने हसवलं असं बाबांना वाटलं तर ते मला कसं सोसवेल, हे कळत नव्हतं. पुढे जे झालं ते मी तिथूनच काकूंना पत्राने कळवलं. फोन केला असता, पण निघताना त्यांनी बजावलं होतं, "दिवसा फोन करू नकोस, माइक चालू असतो. संध्याकाळी करू नकोस, मी दमलेली असते. पत्र लिही." ते पत्र त्यांनी स्वयंपाकघरातल्या फडताळात, मसाल्याच्या डब्यामागे ठेवलं होतं. काही वर्षांनी मला परत दिलं तेव्हा त्याच्या कडेला हळदीचा डाग पडलेला होता. जसं आहे तसं उतरवतो.

तीर्थस्वरूप इंदूकाकूंस,

साष्टांग नमस्कार. अण्णांनाही सांगावा. मी सुखरूप पोचलो. सिनेमा काल पाहिला. आमच्या घरात गल्लीतली पंधरा-वीस माणसं जमली होती, पोरं खिडकीत बसली होती. बाबा खाटेवर, त्यांच्या जिनिंगमधले दोघे जण खाली सतरंजीवर. लिफ्टवाल्याने तोंड उघडलं आणि सगळे एकदम गप्प झाले. मी भिंतीकडे पाहत होतो. मग बाबांचा एक सोबती म्हणाला, "हा तं आपल्या इकडचाच गडी होय ना बे." आणि त्यानंतर लोक हसायला लागले ते शेवटपर्यंत. काकू, तुम्ही म्हणाला होता तसंच झालं. सगळ्यात जास्त ते तुम्हाला हसले. तो पडायचा तेव्हा हसायचे नाहीत. "ऊठ बे, ऊठ" म्हणायचे.

आई स्वयंपाकघरात करंज्या तळत होती. तो पुलावरून पहिल्यांदा पडला आणि ओरडला, तेव्हा ती आतून म्हणाली, "आली, आली." झारा हातात घेऊनच बाहेर आली आणि मला शोधायला लागली. मग तिने टीव्हीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. सगळ्यांना तेव्हाच कळलं. सिनेमा संपल्यावर बाबा सोबत्यांना म्हणाले, "एवढा मार खाल्ला, पन बोलनं सोडलं नाई गड्यानं." आज सकाळी ते काट्यावरच्या जागेचं सेठजींना नाही म्हणून सांगून आले. मी सांगितलं नव्हतं. स्वतःच गेले.

एक गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. सबनीस साहेब आले त्या दिवशी टॉकबॅक चालूच राहिलं होतं. तुम्ही त्यांना जे जे बोललात ते मी आत सगळं ऐकलं. अण्णांना रागावू नका. तोंडावर आभार मानले तर तुम्ही काहीतरी बोलाल आणि मला गप्प बसावं लागेल, म्हणून इथे लिहितो. मी ते विसरणार नाही.

आईचा तुमच्यावर थोडा राग आहे. दारावरची बाई कोण, हे तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "तिले सांग, माहं पोरगं एवढ्या दुरून येते, एवढ्या वरतून पडते, अन् ही पाय पुस म्हनते. एकदा तरी पानी विचार म्हनावं." मी तिला म्हणालो, माय, त्या बाईने पाणी विचारलं. ते सिनेमात घेतलेलं नाही, एवढंच.

करंज्या घेऊन सोमवारी पोचतो.

आपला,
गजानन